सरळ केलेला अंगठा

पद्मिनीबाईंच्या उजव्या पायाचा अंगठा अगदी सरळ होता, आणि त्याचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. तो जमिनीला टेकत नसे, जोर देत नसे, चप्पलसुद्धा धरून ठेवत नसे. सगळा भार शेजारच्या बोटांखालच्या चवड्यावर पडायचा. तिथे घट्टा पडला होता आणि तो घट्टा ठणकायचा. आदिलाबादच्या ज्युनिअर कॉलेजात त्यांनी सगळी नोकरी फळ्यापुढे उभं राहून काढली. पोरांना वाटायचं, गणिताच्या बाई जात्याच तिरसट आहेत. बाई तिरसट नव्हत्या. पाय ठणकला की बाईंना एक तोंड आठवायचं, एवढंच. ते तोंड तामसीच्या देवकाबाईंचं होतं.

पद्मिनी नुकती पदवीधर झाली होती तेव्हाची ही गोष्ट. तामसीच्या माणिकरावांशी तिचं लग्न ठरलं होतं. पत्रिका जुळली, मुलाला मुलगी आवडली, कुंकवाचा दिवस ठरला, घर पाहुण्यांनी भरलं. त्यांच्यात रीत अशी, की मुलीला कुंकू लागलं की होणाऱ्या सासूने तिच्या पायाशी बसायचं आणि अंगठ्याशेजारच्या बोटाला दोरा गुंडाळून जोडव्यांचं माप घ्यायचं. तो दोरा सोनाराकडे जातो. देवकाबाई दोरा घेऊन बसल्या, साडीची निरी वर केली आणि थांबल्या. पद्मिनीचा अंगठा लहानपणापासून कललेला, दुसऱ्या बोटावर चढून बसलेला. त्याच्या बुडाशी आतल्या अंगाला हाडाचा गोळा. दुखत-खुपत काही नव्हतं. त्याच पायावर ती गल्लीतल्या सगळ्या पोरींना लंगडीत हरवायची. देवकाबाईंनी दोरा बोटाला लावलाच नाही, मुठीत चुरगळला आणि त्या उठल्या.

"पोरगी गोरी हाय, शिकली हाय, समदं हाय," भरल्या घरात त्या म्हणाल्या. "पन असा वाकडा पाय माह्या उंबऱ्यात नाई पायजे. जोडवं कुठी बसन इच्या बोटात?"

पाण्याचा पेलाही न घेता मंडळी गेली. माणिकराव सगळ्यांच्या शेवटी उठले, खाली मान घालून चपला शोधत राहिले आणि तेही गेले. एवढा शिकलेला बाप्या, पण आईपुढे तोंडातून शब्द फुटला नाही.

पद्मिनीच्या वडिलांनी ही गोष्ट मनाला लावून घेतली. दुसरं स्थळ येण्याच्या आत पाय सरळ करायचा, हा एकच ध्यास त्यांनी घेतला. लोकांना सांगितलं, पोरीला मलेरिया झालाय, आणि तिला शहरातल्या एका डॉक्टरकडे नेलं. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे सांध्यातलं हाड कापून काढलं. अंगठा सरळ झाला, आखूड झाला आणि लुळा पडला. "बघ, कसा छान दिसून राह्यला," वडील म्हणाले, आणि मरेपर्यंत तेच म्हणत राहिले. पुढे उद्धवरावांचं स्थळ आलं. तहसील कचेरीतले कारकून, सरळ माणूस. त्यांनी पायाकडे पाहिलंच नव्हतं. हे पद्मिनीबाईंना लग्नानंतर कळलं तेव्हा त्या ओक्साबोक्शी रडल्या होत्या आणि उद्धवरावांना आपलं काय चुकलं ते आजवर समजलेलं नव्हतं. कोणाच्या घरून नकार आला होता, हेही बाईंनी त्यांना कधी सांगितलं नाही. काही गोष्टी सांगून टाकल्या की हलक्या होतात, आणि बाईंना ही गोष्ट हलकी होऊ द्यायची नव्हती.

तर अशा या पद्मिनीबाई एका रविवारी भाकरी थापत होत्या, तेव्हा हैदराबादहून सुटीवर आलेला भार्गव, त्यांचा एकुलता एक मुलगा, ओट्याशी येऊन घुटमळू लागला.

"आई, एक पोरगी हाय. जान्हवी. माह्यासंगं डिग्रीले होती. आता तलमडुगूच्या गुरुकुल शाळेत पोरींले खो-खो शिकवते."

"कोनाची?"

"तामसीच्या मानिकराव पाटलाची. तिची आजी लय कडक हाय म्हन्ते, देवकाबाई. पन पोरगी चांगली हाय, आई."

पद्मिनीबाईंचा हात थांबला नाही. भाकरी गोल झाली, तव्यावर गेली, पाणी फिरलं.

"चालते," त्या म्हणाल्या.

उद्धवरावांनी पेपरातून डोकं वर काढलं. "अवो, काई विचारलं नाई, पुसलं नाई, अन् चालते? तबियत त ठीक हाय न तुमची?"

तबियत ठणठणीत होती. इतकी बरी ती कित्येक वर्षांत नव्हती. देवाने डाव हातात आणून दिला होता आणि बाई गणिताच्या असल्यामुळे त्यांनी तो शेवटपर्यंत मनात मांडून पाहिला. कुंकवाचा दिवस ठरेल. तामसीचं घर पाहुण्यांनी भरेल. आपण दोरा घेऊन पोरीच्या पायाशी बसू आणि दोरा चुरगळून उठू. भार्गवचं काय? भार्गव रुसेल, चार दिवस जेवणार नाही, मग हैदराबादेत दुसरी कोणी भेटेल. माणिकराव नाही का विसरले? बाप्यांचं काय एवढं!

बोलणी करायला बाई तामसीला गेल्या, तेव्हा देवकाबाईंनी त्यांना ओळखलं नाही. चष्मा, पांढरे केस, भरलेलं अंग, बदललेलं आडनाव; कशी ओळखणार? माणिकरावांनी मात्र एकदा चमकून पाहिलं आणि लगेच सुपारी कातरायला घेतली. म्हातारी पलंगावर बसून नातीचं कौतुक सांगत होती. सांगता सांगता तिने पाय वर घेतले, लुगडं सरकलं, आणि पद्मिनीबाईंनी ओठांशी नेलेला कप खाली ठेवला. म्हातारीचा अंगठा दुसऱ्या बोटावर चढलेला होता, बुडाशी हाडाचा गोळा. त्यांच्या जुन्या पायासारखाच, किंबहुना जास्तच. म्हणजे या बाईने जन्मभर स्वतःचा पाय लुगड्याखाली झाकला आणि माझा चारचौघांत उघडा केला! पद्मिनीबाईंना तो चहा संपवणं कठीण झालं.

तेवढ्यात जान्हवी शाळेतून आली, काळीसावळी, उंच, घामाने निथळलेली, अनवाणी. पायाला काळ्या मातीचा थर. मातीतूनही दिसत होतं, आजीचा अंगठा नातीकडे आला होता.

घरी आल्यावर भार्गवने मोबाईलवर तिच्या खेळाचा व्हिडिओ दाखवला. पोरगी खो-खोच्या चौकात उकिडवी बसलेली, मागून खो मिळाला की तो वाकडा अंगठा मातीत रुतायचा आणि ती सुटायची. पुढची पोरगी दोन हातांवर असायची, ती एका हातावर यायची, मग हातात यायची. पद्मिनीबाईंनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. असा पाय त्यांचाही होता एके काळी. त्यांना पोरीबद्दल बरं वाटायला हवं होतं. त्यांना देवकाबाईंचा आणखी राग आला.

मध्यस्थी करत होत्या लक्ष्मीबाई, उद्धवरावांची चुलत बहीण. बाईंनी त्यांना घरी बोलावून जेवू घातलं आणि जाता जाता म्हटलं, "वन्सं, तामसीले एक सांगून ठेवजा. जोडव्याचं माप मी सोता घेईन. अन् मले वाकडा पाय चालत नाई."

"अवो वहिनी, आता कोन पाह्यते पाय?"

"मी पाह्यते."

खरं म्हणजे याची गरज नव्हती. उठायचं तर होतंच. पण नुसतं अचानक उठण्यात काय मजा? म्हातारीने त्याआधी झुरावं, नातीचा पाय दिसला की तिची झोप उडावी, असं बाईंना वाटलं. आणि झालंही तसंच. निरोप पोचताच देवकाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं, ताट समोर येतं तसं परत जातं, अशी खबर लक्ष्मीबाईंनी आणली. त्या दिवशी पद्मिनीबाईंनी शिरा केला. उद्धवरावांनी दोनदा मागून घेतला आणि विचारलं, आज काय विशेष. काही नाही, मन झालं, बाई म्हणाल्या.

मग तामसीहून निरोप आला, की कुंकवाची तारीख पुढे ढकला, पोरीला टायफॉईड झालाय.

बाईंना क्षणात कळलं, पोरीचा पाय सरळ करायचं चाललंय. त्यांचे वडील मलेरिया म्हणाले होते, हे टायफॉईड म्हणत होते. भार्गव हैदराबादहून कुरकुरत होता, जान्हवी व्हिडिओ कॉल घेत नाही, अशक्त झाले म्हणते. एक फोन पुरला असता. पायाचं राहू द्या, मी उगाच बोलले, एवढंच म्हणायचं होतं. पद्मिनीबाईंनी ते वाक्य मनात म्हणून पाहिलं आणि ते त्यांना आवडलं नाही. बसू दे म्हातारीला पलंगाशी, पोरीच्या पायाखाली उशी सरकवत. हाड कापलेलं लेकरू कण्हतं तेव्हा माझ्या बापाला कसं झालं असेल, ते तिला कळू दे. पोरीचा विचार आला, नाही असं नाही. आताची ऑपरेशनं चांगली असतात, असं म्हणून त्यांनी तो घालवला. फोन काही केला नाही.

कुंकवाचा दिवस उजाडला तेव्हा कापूस फुटला होता. तामसीच्या घरी अंगणात मांडव, आत बायका, पुरुष ओसरीवर. पद्मिनीबाई ठेवणीतली पैठणी नेसल्या होत्या. जान्हवी आतून आली ती भिंतीच्या कडेकडेने, पाऊल पूर्ण न टेकवता. ते चालणं बाईंनी ओळखलं. वर्षानुवर्षं त्या स्वतः तसंच चालत आल्या होत्या. कुंकू लागलं, ओटी भरली. बाईंना उकिडवं बसता येत नसे, म्हणून लक्ष्मीबाईंनी पाट दिला. दोरा घेऊन त्या बसल्या आणि त्यांनी निरी वर केली.

अंगठा पट्टीने रेघ मारावी तसा सरळ होता.

"पाहा ईहीनबाई, चांगलं पाहून घ्या," खुर्चीवरून देवकाबाई म्हणाल्या. आवाजात तोरा मावत नव्हता. "आमच्या पोरीचा पाय अक्षी सरळ हाय."

आतल्या अंगाला बोटभर लांब, गुलाबी, नवी खूण होती. बाईंनी अंगठ्याच्या शेंड्यावर हलकेच दाब दिला. तो हलला नाही. "वाकव बरं, बाई," त्या म्हणाल्या. जान्हवीने ओठ चावला, कपाळावर घाम आला, पण अंगठा लाकडासारखा तसाच राहिला.

नुसतं उठून जायचं ठरलं होतं. आता तर खोटेपणाही हातात सापडला होता. पद्मिनीबाईंनी मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "देवकाबाई, टायफॉईड कोन्या हाडात झाला होता?"

ओसरीवरून भार्गव दारात आला, त्याच्या मागे माणिकराव.

"पाय सरळ नाई, सरळ केला हाय. मले कळते, कारन माहाही केलेला हाय. वळखलं का मले? आदिलाबादची पद्मिनी. जिच्या बोटाले दोरा न लावता तुमी मुठीत चुरगळला होता."

म्हातारी बघत राहिली. आठवत नाही म्हणाली असती तर बाईंचा सगळा जन्म फुकट गेला असता. पण तिला आठवलं. चेहऱ्यावरचा तोरा उतरला. खुर्चीचा हात धरून ती खाली उतरली, सतरंजीवरून सरकत आली आणि पद्मिनीबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. "माय, माह्यावर थुक. मले मार. पन पोरीले टाकू नको. तिचा काई दोष नाई, म्याच तिले कापाले नेलं."

पद्मिनीबाईंना इतकं बरं वाटलं की काय सांगावं. अंगावरून कोणी गार पाणी ओतावं तसं. सगळी तामसी पाहत होती. माणिकराव आजही खालीच बघत होते. दारातून भार्गव म्हणाला, "आई?" त्याचा चेहरा पाहवत नव्हता. आणि बाईंच्या लक्षात आलं, की आता उठून जायची गरजच उरलेली नाही. इतका जिंकलेला माणूस थोडं सोडूही शकतो.

"उठा," त्या म्हणाल्या. "पोरीचा काय दोष? मी तुमच्यासारखी नाई."

त्यांनी जान्हवीच्या बोटाला दोरा गुंडाळला, गाठ मारली, लक्ष्मीबाईंच्या हातात दिला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. लक्ष्मीबाई जो भेटेल त्याला सांगत सुटल्या, की आमच्या वहिनीचं मन किती मोठं. सूडही उगवला आणि मोठेपणाही मिळाला. असं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. त्या दिवशी पद्मिनीबाईंनी मागून पुरणपोळी खाल्ली.

जेवणं झाल्यावर जान्हवी त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली, जरा टेका म्हणून. कुंकू लागल्या लागल्या ती त्यांना आई म्हणू लागली होती. ती पलंगाच्या काठावर बसली आणि पाय लांब केला.

"लय दुखते का गं?" बाईंनी विचारलं.

"आधी नाई दुखत होतं, आई. आता दुखते."

"डॉक्टरनं काई सांगतलं नाई?"

"सांगतलं न. म्हने, दुखत नसन त हात लावाचा नाई, नुसतं दिसासाठी हे करत नसतात. मंग दुसऱ्या खेपेले आजीनं मले शिकवून नेलं, लय दुखते म्हन. मी म्हनलं. एक्स-रेत हाड वाकडं दिसेच, डॉक्टरनं केलं. त्याहीचं काई चुकलं नाई. हाड बसलं बी चांगलं."

"मंग वाकत काऊन नाई?"

जान्हवी हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "रोज वाकवाचा होता. तसा व्यायाम देल्ला होता. आजी हातच लावू नाई दे. म्हने, वाकवला त पुन्हा वाकडा होईन, अन् त्या बाई पाह्याले येतीन. कंगव्याची दांडी लावून लुगड्याच्या चिंधीनं बांधून ठेवे, दिवसरात. आता सांधा आखडला म्हन्तात. चौकात बसाले जाते त बसताच येत नाई. शाळेनं मले मेसचं काम देल्लं. पोरी खेळतात, मी भाजी मोजून घेते."

व्हिडिओतला तो मातीत रुतणारा अंगठा पद्मिनीबाईंना दिसत होता.

"एक विचारू, आई? लक्ष्मीबाईनं सांगतलं होतं, तुमी म्हनल्या म्हने, वाकडा पाय चालत नाई. मले खरं नाई वाटलं. भार्गवची आई असं म्हननार नाई. मी आजीले म्हनलं पन, एकदा त्याहीलेच विचारून पाहू. आज त मी पाह्यलंच, अंगठा वाकत नाई तरी तुमी मले टाकलं नाई." ती पुढे झुकली. "तुमी नव्हत्याच म्हनल्या न तसं?"

खरं सांगायची ती वेळ होती. बाईंच्या ओठांपर्यंत आलंही. बाहेर लक्ष्मीबाई अजून त्यांच्या मोठ्या मनाचं सांगत होत्या, भार्गवचं हसणं ऐकू येत होतं.

"नाई गं माय," पद्मिनीबाई म्हणाल्या. "मी काऊन म्हनू तसं?"

जान्हवीने हळूहळू मान हलवली. तिचा चेहरा आधी निवळला आणि मग कठीण झाला. ती उठली आणि लंगडत दाराकडे गेली. देवकाबाई उंबऱ्याशीच बसून होत्या. त्यांनी हात पुढे केला. "ये व माय, पाय चोळून देते."

"माह्या पायाले हात नको लावू," जान्हवी म्हणाली. "त्याहीनं काईच म्हनलं नव्हतं. तूनंच आपल्या मनानं माहा पाय कापला."

म्हातारीने मान वर केली आणि नातीच्या खांद्यावरून पद्मिनीबाईंकडे पाहिलं. निरोप तिने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. लक्ष्मीबाई चार हातांवर उभ्या होत्या. त्यांना नुसतं बोलावून विचारलं असतं तरी पद्मिनीबाई खोट्या पडल्या असत्या. मग म्हातारीने नातीकडे पाहिलं, तिच्या कपाळावरच्या ताज्या कुंकवाकडे पाहिलं.

"हो माय," ती म्हणाली. "त्याहीनं काई नाई म्हनलं. माह्याच मनानं केलं म्या. तुही सासू चांगली हाय, तिच्या घरी सुखानं राह्य."

जान्हवी तिला ओलांडून अंगणात गेली. देवकाबाईंनी रिकामा हात मांडीवर ठेवला. ज्या बाईला पायाशी आणायला पद्मिनीबाईंनी जन्म घालवला होता, तिनेच दोष आपल्या माथी घेऊन त्यांचं सासूपण त्यांच्या पदरात टाकलं होतं, आणि ते नाकारायचं तोंड त्यांना उरलं नव्हतं.